शाळेत शिकवायला निघालेल्या भाचीला चार गोष्टी

अगं, शाळेचं पत्र आलं, तारखा ठरल्या आणि तू लगेच रंगांची यादी करायला बसलीस, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. यादी कर, पण त्याआधी या मावशीचं जरा ऐकून घे. तू चित्रं चांगली काढतेस याबद्दल मला कधीच शंका नव्हती, पण पाहुणी कलाकार म्हणून शाळेत जाणं हे वेगळं काम आहे, आणि ते वेगळं शिकावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवलेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ बसून हातकाम पाहावं, करावं, असं त्यात म्हटलंय. म्हणजे अशी बोलावणी तुला पुढेही येत राहणार.

एवढं मनाशी धरून ठेव: दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन तू निघून जाशील, मुलं आणि त्यांच्या बाई तिथेच राहतील. खाली जे सांगते ते सगळं यातूनच आलंय.

जाण्याआधी

१. कार्यशाळेच्या आधी एकदा शाळेत नुसती जाऊन ये आणि वर्ग, खिडक्या, पंखे, नळ बघून ये — नळ वर्गापासून किती लांब आहे यावरच जलरंग करायचे की तेलखडू, हे ठरतं.

२. पट किती ते विचार आणि कागद मोजून ने. साठ मुलं असतील तर पाव इम्पीरियलचे साठ तुकडे, म्हणजे २२ बाय ३० इंचांचे पंधरा पूर्ण कागद, आणि वर तीन जास्तीचे — कुणाचं तरी पाणी पहिल्या पाच मिनिटांत सांडणारच, आणि ‘दुसरा कागद नाही’ असं ऐकलेलं मूल उरलेला तास आखडून बसतं.

३. जोडतास मागून घे. एकटा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, त्यातली पहिली पाच बसण्यात आणि शेवटची दहा आवरण्यात जातात — मुलाचा हात सुटायला लागतो तेव्हाच घंटा होते.

४. परिपाठ किती वाजता, मधली सुट्टी कधी, खिचडी कधी शिजते, हे विचारून मग वेळ ठरव. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडीचा वास आला की तुझ्या रंगांकडे कुणी बघणार नाही — आणि त्यात मुलांची काही चूक नाही, कितीतरी जण घरून उपाशी आलेले असतात.

५. एसटीची वेळ, वीज जाण्याची वेळ, दोन्ही गावात विचारून घे आणि प्रोजेक्टरवर सगळी भिस्त ठेवू नकोस — फळा आणि खडू असल्यावर तुझं काही अडत नाही, अशी तयारी करूनच घरातून निघावं.

६. मानधन, प्रवासखर्च आणि साहित्याचा खर्च या तीन रकमा तीन वेगळ्या ओळींत लिहून आधी पाठव — एकच आकडा दिला की कागद-रंग तुझ्या मानधनातून जातात आणि मग तू नकळत स्वस्तातला कागद आणतेस. स्वस्त कागदावर पाणी पडलं की लगदा होतो, आणि मूल समजतं की आपल्यालाच जमत नाही.

७. फुकट जायचं असेल तर ते तू स्वतः ठरव, वर्षाच्या सुरुवातीलाच, आणि शाळाही तूच निवड — संकोचाने दिलेला होकार तिसऱ्या तासाला चेहऱ्यावर दिसतो, मुलांना तर सगळ्यांत आधी.

८. चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला तर मनाला लावून घेऊ नकोस, तयार करूनच ठेव. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि २०२४ पासून आपल्याकडच्या शाळा याबाबत जास्तच काटेकोर झाल्यात — त्या असाव्यातच, उद्या तुझंही मूल तिथे बसणार आहे.

९. टर्पेंटाइन, स्प्रे, कटर हे घरी ठेव. पोस्टर कलर, तेलखडू, गेरू, माती, बोथट टोकाच्या कात्र्या एवढ्यात वर्षभर काम चालतं — बंद खिडक्यांच्या वर्गात साठ जण टर्पेंटाइनचा वास घेत बसले तर डोकी दुखतील, आणि चित्रकला म्हटलं की त्यांना तीच डोकेदुखी आठवेल.

बाई, सर, मामा, मावशी

१०. शाळेत पाऊल टाकलंस की मुख्याध्यापकांना नमस्कार कर आणि मग सरळ चित्रकलेच्या बाईंना किंवा सरांना शोध. ‘तुमच्याकडे सध्या काय चालू आहे?’ हा पहिला प्रश्न — तू जे दोन दिवसांत करणार त्याची जमीन त्यांनी वर्षानुवर्षं तयार केलेली असते.

इथे जरा थांबून सांगते, कारण आपण बाहेरचे कलाकार नेमके इथेच चुकतो. कलाशिक्षक आपल्यासारखेच शिकलेले असतात. एटीडी ही कलाशिक्षक पदविका केलेली असते, कितीतरी जणांनी पुढे आर्ट मास्टरही. मग नोकरी लागते आणि फलकलेखन, स्नेहसंमेलनाचा पडदा, निवडणुकीची कामं, पाहुण्यांची प्रमाणपत्रं असं सगळं त्यांच्याच अंगावर येतं. कितीतरी शाळांत तर कलाशिक्षकाची जागाच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर गेला की कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक असावेत असं आहे. म्हणजे लहान शाळेला तेवढंही नाही. अशा शाळेत दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, आणि त्यातल्याच एक बाई शनिवारी मुलांकडून कागदी फुलं करून घेतात. त्या बाईंसमोर तू ‘मुलांना मोकळं सोडा’ असं व्याख्यान दिलंस तर मी तुझे कान धरीन.

११. मुलांसमोर त्यांच्या बाईंची पद्धत खोडू नकोस. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांसाठी बाई वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र घोटून घेत असतील तर तुला ते कितीही साचेबंद वाटो, गप्प राहा — इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि गावातल्या पोरीला त्या गुणांचं मोल तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

१२. वर्गशिक्षकांना वर्गातच थांबायची विनंती कर, आणि त्यांच्या हातातही एक कागद दे. बाई चित्र काढायला बसल्या की मुलांची भीड अर्धी जाते — आणि तू गेल्यावर तोच खेळ पुन्हा घेणारं माणूस तयार होतं.

१३. शिपाईमामांची आणि झाडणाऱ्या मावशींची ओळख पहिल्याच दिवशी करून घे. बादल्या, किल्ल्या, जुने पेपर, पाट, चिंध्या हे सगळं त्यांच्याकडे असतं — मामा राजी, तर कार्यशाळा ताजी.

१४. वर्गात सांडलेलं मुलांबरोबर तू स्वतः पूस — मावशींवर टाकून गेलीस तर पुढच्या वर्षी ‘ते रंगाचं नको बाई’ असं मुख्याध्यापकांच्या कानावर जाईल, आणि ते योग्यच असेल.

वर्गात

१५. नाव विचार, आडनाव विचारू नकोस. चिकटपट्टीवर पहिलं नाव तेवढं लिहून घे आणि खिशावर लावायला सांग — आपल्याकडे आडनावापाठोपाठ काय काय विचारलं जातं हे मुलांना चांगलं माहीत असतं, आणि निदान रंगाच्या तासाला तरी त्यांना ते नको असतं.

१६. बोलणं पाच मिनिटांत संपव. बोलणं लांबलं, की कागद कोराच राहिला.

१७. तुझी सगळी चित्रं दाखवायला नेऊ नकोस. एकच मूळ चित्र ने, आणि त्या चित्रासाठी केलेली खरडवही ने, खोडलेली, फाटलेली, चहा सांडलेली — छापील चित्र मुलांनी रोज पाहिलेलं असतं, पण चित्र होता होता कसं दिसतं ते कुणीच दाखवलेलं नसतं.

१८. ‘तुम्हाला किती पैसे मिळतात?’ असं हमखास विचारतील. खरं सांग, आणि एक चित्र विकायला किती दिवस लागतात तेही सांग — वर्गातल्या एखाद्या मुलीला यातूनच पोट भरायचं असेल, तिला खोटं चित्र नको.

१९. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खालून नदी, काठाला झोपडी, बाजूला नारळाचं झाड. अर्ध्याहून अधिक कागदांवर हेच येईल, मग शाळा लातूरची असो की अलिबागची. हसू नकोस आणि ‘हे नको’ असंही म्हणू नकोस. शेजारी बस आणि विचार, ‘तुमच्या घरातून बाहेर बघितलं की पहिलं काय दिसतं?’ टाकी दिसते, म्हशी दिसतात, समोरच्यांची डिश अँटेना दिसते. मग म्हणावं, ती टाकी या डोंगराजवळ कुठे येईल? — ठरलेलं चित्र हा मुलाचा आधार असतो, तो काढून घ्यायचा नाही, त्याच्या बाजूला नवं काहीतरी उभं करायचं.

२०. मुलाच्या कागदावर तुझा हात चालवू नकोस. नाक कसं काढायचं ते दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखव आणि तो कागद बाजूला ठेवून दे — तुझी एक रेघ त्याच्या दहा रेघांना लाजवते, आणि घरी आई विचारते, ‘हे तू काढलंस?’ तेव्हा त्याला खरं सांगता येत नाही.

यावरून देवी प्रसादांचं सांगते. ते शांतिनिकेतनात शिकले आणि १९४४ मध्ये सेवाग्रामला गेले, गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेतल्या मुलांबरोबर बरीच वर्षं राहिले. स्वतः कसलेले चित्रकार आणि कुंभार. मुलांच्या चित्रावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं, ते मिळव आणि जाण्याआधी वाच. चित्र हे शिक्षणाच्या कडेचं नसून मुळाशी असतं, असं ते मानत. मुलाच्या चित्राकडे मोठ्यांच्या मापाने बघू नये हे मलाही तिथूनच पटलंय, आणि माझ्या मते कुठल्याही तंत्रापेक्षा हे आधी शिकावं.

२१. एखादं मूल कोपराने कागद झाकून काढत असतं. डावा हात पुढे, मान खाली, शेजाऱ्याला दिसू नये म्हणून बाकाच्या कडेला सरकलेलं. त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहू नकोस. दोन बाक पुढे जा, तिथल्या मुलाशी त्याला ऐकू येईल असं बोल, आणि परत येताना नुसता एक जाड ब्रश त्याच्याजवळ ठेवून पुढे जा — त्याचा हात आपणहून बाजूला होतो, कधी त्या तासाला, कधी दुसऱ्या दिवशी.

२२. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्याला ‘येतं रे’ म्हणू नकोस, त्याला काम दे: पाणी बदल, रंग कालव, शेजाऱ्याचा कागद धर — हाताला रंग लागला की पुढचं तो स्वतःच करतो.

२३. ‘छान’ हा शब्द जपून वापर. ‘हा हिरवा कसा केलास?’ असं विचार — छान सगळ्यांनाच मिळतं, कसं केलंस हे त्याला एकट्याला विचारलेलं असतं.

२४. फिका गुलाबी खडू ‘अंगाचा रंग’ म्हणून पुढे करतात, तो बाजूला ठेव आणि मातकट, काळा, पिवळा, पांढरा मिसळून प्रत्येकाला आपल्या मनगटाजवळ धरून रंग जुळवायला लाव — वर्गात किती तपकिरी आहेत हे पाहून मुलंच चकित होतात.

२५. कुणी झाडाला लाल पानं केली तर लगेच सुधारू नकोस. काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक दिसतच नाही आणि घरी ते कुणाला माहीत नसतं — शंका आली तर बाईंना बाजूला घेऊन हळूच सांग, वर्गासमोर नाही.

२६. पहिल्या दिवशी खोडरबर गोळा करून टेबलावर ठेव — बराच वेळ खोडण्यात जातो आणि कागदाला भोक पडतं ते वेगळंच.

२७. पहिला-दुसरा नंबर काढायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हण. फारच आग्रह झाला तर सगळी चित्रं सुतळीला चिमट्यांनी लाव, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एकही न गाळता — तीन मुलं खूश होऊन सत्तावन्न हिरमुसतील असं काही तुझ्या हातून होऊ नये.

२८. गोंगाट होणारच. आवाज वाढला की तू तुझा आवाज खाली आण, किंवा दिवा बंद-चालू कर. हात उगारणं तर सोडच, टोमणाही नको — कायद्यानेही शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आणि पाहुणीचा टोमणा पोरं वर्षभर लक्षात ठेवतात.

२९. एकट्या मुलाला घेऊन रिकाम्या वर्गात बसू नकोस, दार उघडं आणि दुसरं कुणी मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात असावं. फोटो काढायचे तर शाळेची लेखी परवानगी, आणि तरीही हात आणि चित्रं यांचेच — मुलाचा चेहरा तुझ्या कामाच्या जाहिरातीसाठी नाही.

माती करायची असेल तर

गणपतीच्या आधी प्रत्येक शाळेला शाडू हवी असते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

३०. माती आदल्या रात्री भिजव आणि सकाळी मळून, ओल्या सुती फडक्यात गुंडाळूनच ने — वर्गात मळायला घेतलीस तर निम्मा तास तिथेच जातो.

३१. सोंड, हात, कान चिकटवायच्या आधी दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या ओढायला आणि मध्ये पातळ माती लावायला शिकव. नुसतं दाबून लावलं की वाळल्यावर सोंड गळते — आणि सोंड गळालेल्या गणपतीपुढे रडणाऱ्या मुलाची समजूत काढणं फार अवघड असतं.

३२. मूर्ती सावलीत वाळव, उन्हात नको. घाईने वाळली की तडे जातात.

३३. आता सगळ्यांत महत्त्वाचं. शाडूचे हात नळाखाली, बेसिनमध्ये कुणालाही धुवू देऊ नकोस. आधी पेपरने हात कोरडे पुसायचे, मग ओळीने तीन बादल्या: पहिलीत गाळ, दुसरीत उरलेला गाळ, तिसरीत स्वच्छ. बादल्या रात्रभर तशाच ठेवायच्या, सकाळी वरचं पाणी झाडांना आणि तळाची माती पुन्हा पोत्यात — शाडू पाइपात बसली की मोरी तुंबते, प्लंबर येतो, आणि त्या शाळेत पुढे कित्येक वर्षं मातीला हात लावू देत नाहीत. आधी बादली, मग माती!

३४. घरून एकेक जुना शर्ट आणायला सांग आणि तो गणवेशावर उलटा, बटणं पाठीकडे, घालायला लाव — गणवेश एकच असतो आणि तो आईला रात्री धुवावा लागतो.

वारलीबद्दल एवढंच

३५. वारली चित्रं घ्यायची तर त्रिकोण-रेघांची माणसं काढून मोकळी होऊ नकोस. लग्नाच्या वेळी भिंतीवर लग्नचौक सवाशिणी लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाते, पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, जमीन गेरू-मातीची, हे सगळं सांग. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेही सांग. आणि शाळेच्या हाती पैसे असतील तर तुझ्याऐवजी वारली कलाकारालाच बोलवायला सुचव — ज्यांची कला आहे त्यांच्या हाताला ते मानधन जाऊ दे. हेच चित्रकथीचंही: सिंधुदुर्गातल्या शाळेने बोलावलं तर मुलांना कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी बघायला न्यायला सांग. तिथल्या परशुराम गंगावणे यांना त्यासाठीच २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

निघताना

३६. ‘मी परत येईन’ असं म्हणू नकोस, तारीख पक्की असल्याशिवाय तर मुळीच नाही — तू घरी जाऊन विसरतेस, आणि एखादी पोर दर शुक्रवारी फाटकाकडे बघते.

३७. चित्रं मुलांची आहेत, ती घरी जाऊ देत. तुला फारच आवडलं तर मोबाइलमध्ये चित्राचा फोटो घे, आणि कुठे दाखवलंस तर आधी त्या मुलाला विचारून.

३८. उरलेले कागद, तेलखडूंचे तुकडे, चार ब्रश एका खोक्यात घालून बाईंच्या हाती दे, वर एक पान लिहून ठेव: जुना पेपर, खडू आणि गेरू यांच्यावर करता येतील असे तीन खेळ — महागड्या साहित्यावर अडलेला वर्ग तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी थांबतो.

३९. बिल त्याच दिवशी दे, पॅन आणि पासबुकाची झेरॉक्स जोडून, आणि क्लार्कना दोन मिनिटं भेटून काय काय लागतं ते विचार. टीडीएस कापला असेल तर तो तुझ्या पॅनवर जमा झालाय का, वर्ष संपायच्या आत पाहा — शाळेत बिल अडतं ते बहुतेक एखादा कागद नसल्यामुळे, कुणाच्या वाईट बुद्धीमुळे नाही.

४०. आठवड्यातले निदान तीन दिवस तुझ्या स्वतःच्या चित्रांसाठी राखून ठेव, शाळा कितीही गोड असो — काम करणारी चित्रकार म्हणूनच त्यांनी तुला बोलावलंय.

४१. पुढच्या वर्षीच्या तारखा जूनमध्येच धर: शाडू हवी असेल तर जुलैचा शेवट किंवा गणपतीच्या दोन आठवडे आधी, बाकीचं दिवाळीनंतर. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनं, पुढे परीक्षा — तेव्हा तुला वर्ग मिळतो, पण मुलं मिळत नाहीत.

४२. आणि शून्य नंबरचे ब्रश नेऊ नकोस. माझ्याकडे आठ आणि बारा नंबरच्या गोल ब्रशांचा एक डबा भरून आहे, शनिवारी ये आणि घेऊन जा — पाचवीच्या मुलाच्या हातात बारीक ब्रश दिला की ते कागदाच्या एका कोपऱ्यातच बसून राहतं.